हळद, जंत आणि जनुकांची यादी

वनस्पतींतून जंतांवर औषध शोधण्याचा उद्योग जुना आहे, आणि आपल्याकडे तर फारच जुना. चरकसंहितेच्या विमानस्थानात वीस प्रकारच्या कृमींची गणना आहे. कृमींना बाहेर काढणे, त्यांना मानवणारी शरीरातली परिस्थिती मोडणे आणि त्यांच्या उत्पत्तीची कारणे टाळणे असा तिपेडी उपचारक्रमही तिथे सांगितला आहे. वावडिंग, पळसपापडी, ओवा, डाळिंबाच्या मुळाची साल ही औषधे आजीच्या बटव्यापासून वैद्याच्या फडताळापर्यंत सर्वत्र होती. युरोपातही याहून वेगळे काही चालले नव्हते. तिथे १८३० साली दवण्याच्या कुळातल्या एका झुडपाच्या कळ्यांमधून सँटोनिन वेगळे काढले गेले आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे ते मुलांना जंतांसाठी दिले जात राहिले. ते घेतलेल्याला काही काळ सगळे जग पिवळे दिसे, ही तक्रार डॉक्टरांनी चालवून घेतली. या सगळ्या औषधांची कसोटी एकच होती : जंत पडला की नाही. ती ओबडधोबड असली तरी प्रामाणिक होती, कारण तिचे उत्तर डोळ्यांना दिसत असे. गेल्या पंचवीसेक वर्षांत कसोटी बदलली. जंत मेला का, याबरोबरच आता विचारले जाते की वनस्पतीतला रेणू अंगाला लागल्यावर जंताच्या पेशींत कोणती जनुके जागी झाली आणि कोणती मंदावली. हा प्रश्न अधिक खोल आहे, पण त्याचे उत्तर डोळ्यांना दिसत नाही. ते आकडेशास्त्रातून गाळून घ्यावे लागते, आणि फसगतीची जागा नेमकी तिथे आहे.

हा प्रश्न विचारता येऊ लागला तो जंतांचे जनुकसंच वाचले गेल्यामुळे. १९९८ साली मातीत राहणाऱ्या, कुणालाही रोग न देणाऱ्या ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स’ या मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. कोणत्याही बहुपेशीय प्राण्याचा हा पहिलाच. त्याच वर्षी याच कृमीवर आरएनए-हस्तक्षेपाचा, म्हणजे हव्या त्या जनुकाचा आवाज बंद करण्याचा, शोध लागला आणि त्याला २००६ चे नोबेल मिळाले. पुढे २००७ मध्ये हत्तीरोगाला कारण ठरणाऱ्या ब्रुजिया मलायीचा, २००९ मध्ये शिस्टोसोमा या रक्तात राहणाऱ्या पर्णकृमीचा आणि २०१३ मध्ये शेळ्यामेंढ्यांचे रक्त शोषणाऱ्या हिमोंकसचा जनुकसंच हाती आला. जनुक सक्रिय असते तेव्हा त्याच्या आरएनए-प्रती तयार होतात. त्या मोजल्या की कोणते जनुक किती काम करते आहे याचा अंदाज येतो. आधी मायक्रोॲरे आणि नंतर थेट आरएनए-वाचन, या दोन तंत्रांनी एकेका प्रयोगात जंताची सगळी, दहा ते वीस हजारांच्या आसपासची, जनुके एकदम मोजता येऊ लागली. साहजिकच प्रयोगशाळांतल्या बरण्यांमधले अर्क आणि रेणू एकामागून एक जंतांवर टाकले जाऊ लागले. प्रत्येक प्रयोगातून एक यादी निघते : इतकी जनुके वर गेली, इतकी खाली आली.

या विषयात पाऊल टाकणाऱ्या वाचकापुढे मला एकच म्हणणे मांडायचे आहे. ही यादी म्हणजे जंताने दिलेली प्रतिक्रिया आहे. रेणू नेमका कुठे लागू पडला याचा पुरावा तिच्यात असेलच असे नाही. दारावर थाप पडल्यावर घरात जी धावपळ उडते तिच्यावरून थाप कुणी मारली ते कळत नाही. जंताला परका रेणू जाणवला की तो विषहारक प्रथिने बनवणारी जनुके वाढवतो, विष पेशीबाहेर फेकणारे पंप वाढवतो, प्रथिने नीट घडीत ठेवणारी आणि ऑक्सिडीकरणापासून वाचवणारी यंत्रणा कामाला लावतो. हळद टाका, दालचिनी टाका किंवा एखादे कीटकनाशक टाका, यादीचा हा भाग पुष्कळसा सारखाच असतो. शिवाय दहा हजार जनुके एकाच वेळी तपासताना शंभरात पाचची चूक चालवून घेतली तर काहीही घडलेले नसताना पाचशे जनुके ‘बदललेली’ दिसतील. यावर आकडेशास्त्रीय उतारा आहे आणि बहुतेक संशोधक तो वापरतात. पण त्याने खोटी नावे गळतात, एवढेच. उरलेल्या खऱ्या नावांतले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे तो सांगत नाही.

हळदीतल्या कर्क्युमिनचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. शिस्टोसोमा मॅन्सोनी हा कृमी आफ्रिकेत, अरबस्तानात, कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलमध्ये माणसाच्या आतड्याभोवतीच्या शिरांमध्ये राहतो. नर रुंद असतो, त्याच्या अंगाला पन्हळीसारखी खाच असते आणि सुतासारखी बारीक मादी त्या खाचेत आयुष्य काढते. अशी एक जोडी दिवसाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. रोग होतो तो मुख्यतः या अंड्यांमुळे : ती यकृतात अडकतात, त्यांच्याभोवती गाठी धरतात आणि वर्षानुवर्षांनी यकृत निबर होते. म्हणजे अंडी घालणे थांबवले तरी रोगाचा मोठा भाग आटोक्यात येईल. २००९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या या कृमींवर कर्क्युमिन टाकले. ५० आणि १०० मायक्रोमोल इतक्या तीव्रतेला सगळे कृमी मेले. त्याहून सौम्य तीव्रतेला अंडी कमी झाली आणि जोड्या सुटून नर-मादी वेगळे झाले. २०१३ मध्ये त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मारक नसलेल्या मात्रेत कर्क्युमिन दिल्यावर जनुकांचे काय होते? दोन हजारांहून अधिक जनुकांची सक्रियता बदललेली आढळली. त्यांत नॉच आणि टीजीएफ-बीटा या दोन संदेशवाहिन्यांतली जनुके ठळक होती. अंड्यांची निर्मिती आणि भ्रूणाची वाढ यांच्याशी या वाहिन्यांचा संबंध असल्याने चित्र जुळल्यासारखे वाटले : कर्क्युमिन या वाहिन्या मंद करते, म्हणून अंडी कमी होतात. प्रयोग नेटका होता. मारक मात्रेऐवजी सौम्य मात्रा निवडण्यातही शहाणपण होते, कारण मरणाऱ्या कृमीची जनुके मोजली तर मरणाचाच हिशेब हाती येतो.

तरीही त्या चित्रात एक मोठी फट आहे, आणि ती कृमीच्या स्वभावातूनच येते. शिस्टोसोमाची मादी नराच्या खाचेत असेपर्यंतच वयात आलेली राहते. तिला नरापासून वेगळे केले की तिचे अंडाशय आक्रसते, अंड्याला अन्न पुरवणाऱ्या ग्रंथी झडतात. पुन्हा जोडी जमली की ती पुन्हा फळते. प्राणिसृष्टीत याला तोड सापडणे कठीण. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपशीलवार मोजणीत असे दिसले की जोडीत असण्या-नसण्याने मादीच्या अंडाशयातली तीन हजारांहून अधिक जनुके बदलतात, तर नराच्या वृषणांत जेमतेम काहीशे. २०२२ मध्ये तर अमेरिकेतल्या संशोधकांनी नर मादीला देत असलेला रासायनिक निरोपच शोधून काढला : जोडी जमली की नर एक लहानसा रेणू बनवतो, आणि तेवढ्या रेणूने एकटी मादीही अंडी घालू लागते. आता कर्क्युमिनकडे वळू. ते जर जोडी सोडवत असेल, आणि जोडी सुटणे एवढेच मादीची हजारो जनुके बदलायला पुरेसे असेल, तर नॉच आणि टीजीएफ-बीटा मंदावले ते कर्क्युमिनने की घटस्फोटाने? कदाचित कर्क्युमिनचा खरा घाव नराच्या स्नायूंवर किंवा त्याच्या कातडीवर बसत असेल, त्याची पकड सुटत असेल आणि पुढचे सगळे ओघाने होत असेल. त्या तऱ्हेनेही अंडी कमी होतील आणि यादीही तशीच दिसेल. दोन स्पष्टीकरणांतले एक निवडण्याची ताकद त्या यादीत नाही.

मात्रेचाही प्रश्न आहेच. माणसाने रोज आठ ग्रॅम कर्क्युमिन घेतले तरी रक्तातली त्याची तीव्रता दोन मायक्रोमोलच्या आतबाहेरच राहते, असे कर्करोगाच्या संदर्भातल्या चाचण्यांत दिसले आहे. आणि आठ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे आठ ग्रॅम हळद नव्हे. सांगलीच्या बाजारातल्या चांगल्या हळदीतही शंभर ग्रॅमला कर्क्युमिनवर्गीय द्रव्ये पाचेक ग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत. यावर एक विचार करण्याजोगा प्रतिवाद आहे. हा कृमी राहतो ती जागा आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरांमध्ये आहे, त्यामुळे यकृताने मोडतोड करण्याआधीचे औषध त्याला मिळते आणि हातातून काढलेल्या रक्तातल्या आकड्यावरून तिथला आकडा ठरवता येत नाही. हे मान्य करायला हवे. पण आतड्यातून कर्क्युमिन मुळात फार थोडे शोषले जाते आणि आतड्याच्या भिंतीतच त्याचे रूप पालटायला लागते, त्यामुळे हा प्रतिवाद अंतर कमी करतो, मिटवत नाही. दुसरी अडचण अधिक अवघड आहे. शरीराच्या तापमानाला, रक्तद्रव नसलेल्या साध्या द्रावणात कर्क्युमिनचा बहुतांश भाग अर्ध्या तासात विघटित होतो. बशीत चोवीस तास ठेवलेल्या जंताला मग नेमके काय मिळाले? औषधरसायनाच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये कर्क्युमिनवर जो झाडा घेतला त्यात हेच म्हणणे होते : हा रेणू अस्थिर आहे, अनेक प्रथिनांना उगाच चिकटतो, अनेक चाचण्यांत खोटे होकार देतो. त्या लेखाचा सूर मला थोडा जास्त कडक वाटतो, पण तक्रार खरी आहे.

जंतनाशकांचे लक्ष्य आजवर कसे सापडले, तो इतिहास इथे उपयोगी पडतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी ज्या कुळातली आहे, त्या कुळाचे लक्ष्य बीटा-ट्यूब्युलिन हे प्रथिन आहे. ते निश्चित झाले ते औषध पचवणाऱ्या कृमींमुळे : सी. एलिगन्सच्या औषधाला दाद न देणाऱ्या वाणात एक विशिष्ट जनुक बिघडलेले होते, आणि हिमोंकसच्या हट्टी जंतांत त्याच प्रथिनातले दोनशेवे अमिनो आम्ल बदललेले निघाले. आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत मज्जापेशींवरची ग्लुटामेट-द्वारे अशीच उत्परिवर्ती कृमींतून सिद्ध झाली. मेंढ्यांसाठीचे मोनेपॅंटेल २००८ मध्ये जाहीर झाले तेही उत्परिवर्ती कृमींचा आधार घेऊनच. या सगळ्यांत जनुकाची सक्रियता किती वर गेली किंवा खाली आली, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. विचारले ते असे : हे जनुक बदलले किंवा बंद केले, तर औषधाचा परिणाम बदलतो का? वनस्पतिज रेणूंवरच्या बहुसंख्य कामांत हा दुसरा प्रश्न गैरहजर असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो बिनतोड वाटतो. शिस्टोसोमावरचे आजचे एकमेव मुख्य औषध प्राझिक्वांटेल १९७० च्या दशकात आले, कोट्यवधी लोकांना दिले गेले. त्याचे लक्ष्य असलेली कॅल्शियम-वाहिनी मात्र २०१९ मध्ये ओळखली गेली आणि २०२१ मध्ये हट्टी कृमींच्या जनुकीय अभ्यासातून तिला दुजोरा मिळाला. चाळीस वर्षे कारण माहीत नसताना औषध चालले, मग हळदीलाच कारण दाखवा म्हणून अडवायचे कशाला? अडवायचे नाहीच. प्राझिक्वांटेलच्या हाती रोगी बरे झाल्याचा पुरावा होता. त्याला कारणाची उसनवारी करावी लागली नाही. ज्या रेणूकडे रोगी बरा झाल्याचा पुरावा नाही आणि ज्याची सारी भिस्त ‘अमुक वाहिनीतली जनुके मंदावली’ या वाक्यावर आहे, त्याला ते वाक्य सिद्ध करायला सांगणे अन्यायाचे नाही. दोन्हींपैकी एक पुरावा तरी हवा. शिवाय प्राझिक्वांटेल कोवळ्या कृमींवर फारसे चालत नाही, आणि ही उणीव भरून काढण्याची दिशा लक्ष्य कळल्यावरच नीट दिसू लागली आहे.

दुसरा आक्षेप आयुर्वेदाच्या बाजूने येतो आणि तो अधिक गंभीर आहे. वनस्पती एकाच कुलुपाची किल्ली नसते. तिच्यातली अनेक द्रव्ये अनेक ठिकाणी थोडे थोडे काम करतात, तेव्हा एकेक जनुक बंद करून लक्ष्य शोधायला जाणे म्हणजे चुकीच्या पट्टीने मोजणे होय. यात तथ्य आहे. चरकाने सांगितलेला ‘परिस्थिती मोडण्याचा’ मार्गही एकाच जागी घाव घालण्याचा नाही. पण अनेक ठिकाणी परिणाम होतो, हे विधानसुद्धा तपासता येते आणि तपासले पाहिजे : घटक वेगळे करून, पुन्हा मिसळून, एकत्र दिल्यावर बेरजेपेक्षा जास्त घडते का ते पाहून. नुसती लांब यादी त्याचा पुरावा नव्हे, कारण साध्या विषानेही लांबच यादी मिळते. त्यात अर्काची अडचण अशी की पळसाचे बी कोणत्या महिन्यात गोळा केले, कोणत्या द्रावकात काढले यावर त्यातले प्रमाण बदलते. अर्काची रासायनिक ओळख नोंदवली नसेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेने त्याच नावाने भलतेच काहीतरी तपासलेले असू शकते.

जंत बशीतही एकटा नसतो, ही गोष्टही सहज विसरली जाते. सी. एलिगन्स जिवाणू खाऊन जगतो, आणि वनस्पतींतली पुष्कळ द्रव्ये जिवाणूंची वाढ रोखतात. अशा वेळी उपाशी कृमीची जनुके मोजून ती औषधाच्या नावावर जमा होतात. हत्तीरोगाच्या जंतांच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि ते मारले की मादी वांझ होते, म्हणून डॉक्सिसायक्लिन हे साधे प्रतिजैविकही या जंतांवर परिणामकारक ठरते. वनस्पतीतला रेणू वोल्बाकियाला लागतो की जंताला, हे विचारल्याशिवाय जंताच्या जनुकांतल्या बदलाचा अर्थ लागणार नाही. आणि बशीतून शरीरात जाताना काय होते ते दालचिनीने दाखवले आहे. तिच्यातले सिनॅमाल्डिहाइड डुकरांच्या मोठ्या जंतांना बशीत चांगले मारते. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत डुकरांना खाऊ घातल्यावर जंतांवर म्हणावा असा परिणाम झाला नाही. बशीतले यश आणि आतड्यातले अपयश यांच्यामध्ये शोषण आणि चयापचय उभे असतात, आणि त्यांची दाद जनुकांची यादी घेत नाही.

मग हे सगळे काम फुकट का? नाही, आणि इथे टीकाकारांचा अतिरेकही टाळायला हवा. सौम्य मात्रेतल्या मोजणीतून, जंत न मरताही त्याचे काय बिघडते हे कळते. अंडी थांबवण्यासारखा उपयोग जंत पडण्याच्या जुन्या कसोटीला कधीच दिसला नसता. पंप आणि विषहारक जनुके वर गेलेली दिसली, तर जंत औषध कसे पचवू पाहतो ते कळते आणि जोडऔषध सुचते. यादीतून प्रश्न निघतात, आणि ते तपासण्याची साधने आता आहेत. शिस्टोसोमात आरएनए-हस्तक्षेप चांगला चालतो. २०२० मध्ये एकाच कामात दोन हजारांहून अधिक जनुके एकेक करून बंद केली गेली आणि अडीचशेहून अधिक जनुकांवाचून कृमी धडपणे जगू शकत नाही, असे आढळले. कर्क्युमिनच्या यादीतली किती नावे या अडीचशेंत येतात, हे पाहायला नवा प्रयोगही लागत नाही. हत्तीरोगाच्या जंतांत हे तंत्र तितके भरवशाचे नाही, ही मात्र खरी अडचण आहे.

अशी साधने परदेशी प्रयोगशाळांनाच परवडतात, हा आक्षेप महाराष्ट्रात ऐकू येणे स्वाभाविक आहे. पण हा विषय आपल्यापासून दूर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचे स्थानिक रोगी असल्याची नोंद १९५२ साली प्रसिद्ध झाली होती, आणि विदर्भातल्या काही जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम अजून घ्यावी लागते. त्याच विदर्भात, नागपूर आणि सेवाग्रामच्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास निर्गुडी, बेल, पळस यांचे अर्क ब्रुजियाच्या पिलांवर तपासले आणि मोजली ती त्यांची हालचाल, म्हणजे जंत वळवळतो की थांबतो. ही साधी कसोटी कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही; तिचे उत्तर निःसंदिग्ध असते. आणि यादीची छाननी करायला नेहमी महागडे यंत्र लागतेच असे नाही. जोडी सुटल्यावर शिस्टोसोमाच्या मादीत कोणती जनुके बदलतात ती यादी सर्वांना खुली आहे, कर्क्युमिनची यादीही प्रसिद्ध आहे. पहिली दुसरीतून वजा करायची आणि नॉच व टीजीएफ-बीटाची जनुके शिल्लक राहतात का ते पाहायचे. राहिली, तर एकट्या माद्यांना नराचा तो रासायनिक निरोप देऊन अंडी घालायला लावता येते. त्याच माद्यांवर कर्क्युमिन टाकले की सुटायला जोडीच नसेल, आणि अंडी तरीही घटली तर कर्क्युमिनचा घाव मादीवरच बसतो असे म्हणता येईल.